'तोतेमो'च्या पुढे जा

जपानी भाषेची एन-फोर परीक्षा झाल्यावरही तुझ्या प्रत्येक वाक्यात 'तोतेमो' (खूप) येत असेल, तर आता बदल सांगणाऱ्या क्रियाविशेषणांकडे वळ. आधी 'मेक्किरी' घे. ऋतू, वय, तब्येत यांतला डोळ्यांत भरणारा फरक त्याने सांगतात: 'मेक्किरी सामुकु नारिमाशिता ने', थंडी चांगलीच वाढली हो. फरक झालेला दिसला पाहिजे. आज्ञेत किंवा उद्याच्या अंदाजात हा शब्द कानाला खटकतो. उद्या पारा एकदम उतरणार असेल तर 'गुत्तो' म्हण. बदल पुरता झाला की 'सुक्कारी': 'सुक्कारी आकि नि नारिमाशिता', शरद ऋतू आला, उन्हाळ्याचा मागमूस नाही. 'दाइबु' (बराच) तर रोज लागेल. आजाऱ्याला 'दाइबु योकु नारिमाशिता का', बराच आराम पडला का, असं विचारतात. शब्द सुटे घोकू नकोस, 'नारु' (होणे) या क्रियापदासकट अख्खं वाक्य मोठ्याने म्हण.