ॲम्ब्युलन्समध्ये चढण्याआधी : ईएमटी प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत ॲम्ब्युलन्सवर काम करायचे तर सर्वसाधारणपणे पहिली पायरी असते ती 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन', म्हणजेच ईएमटी होण्याची, आणि हे प्रशिक्षण घेण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे जवळचे कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियातल्या अशाच एका कॉलेजात मी हा वर्ग शिकवतो. इथल्या मराठी कुटुंबांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीत आहे. तिला पुढे डॉक्टर व्हायचे आहे. सुट्टीत ईएमटीचा अभ्यासक्रम केल्यास मेडिकलच्या प्रवेशासाठी उपयोग होईल का? (एक आई, फ्रीमाँट)

उपयोग होतो, पण आपण समजता त्या रीतीने नव्हे. कॅलिफोर्नियात हा अभ्यासक्रम किमान १७० तासांचा असावा लागतो. त्यातले १४६ तास वर्ग व सरावाचे आणि २४ तास ॲम्ब्युलन्सवर किंवा रुग्णालयात देखरेखीखाली केलेल्या कामाचे असतात. त्या काळात निदान १० रुग्णांची तपासणी विद्यार्थ्याच्या हातून व्हावी लागते. एवढे सगळे सुट्टीच्या काही आठवड्यांत बसवायचे म्हणजे त्या सुट्टीत दुसरे काहीही करता येणार नाही. शिवाय आपल्या राज्यात प्रमाणपत्र वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते (न्यू जर्सीत ते १६व्या वर्षीही मिळते). खर्चाची मात्र फार चिंता नको. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात. त्याशिवाय पुस्तक, गणवेश, लसी आणि बोटांच्या ठशांची तपासणी यांचा खर्च धरावा.

माझे स्पष्ट मत असे, की नुसते प्रमाणपत्र अर्जाला जोडण्यासाठी हा खटाटोप करू नये. प्रवेश समितीला ते कागद पाहून काही कळत नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष रात्रपाळ्या केलेल्या मुलीला मुलाखतीत काय सांगायचे हे कोणी शिकवावे लागत नाही.

प्रश्न : मी बीएएमएस आहे आणि महाराष्ट्रात १०८च्या ॲम्ब्युलन्सवर तीन वर्षे डॉक्टर म्हणून काम केले आहे. सध्या एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) आहे. मलाही पहिल्यापासून शिकावे लागेल का? (एक वाचक, सॅन रामोन)

होय, शिकावे लागेल. भारतातली पदवी आणि तिथला अनुभव दाखवून इथे थेट ईएमटी होता येत नाही. आपल्याला हे अपमानास्पद वाटले तर मी समजू शकतो, पण त्यामागचे कारण केवळ कागदी नाही.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ची सेवा ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली ती मुळातच गाडीत डॉक्टर असावा या कल्पनेवर. इथली व्यवस्था त्याच्या उलट टोकाची आहे : डॉक्टर गाडीत नसतो, त्याने आधीच लिहून ठेवलेले नियम गाडीत असतात. 'मेडिकल डायरेक्टर' या पदावरचा डॉक्टर कोणत्या लक्षणाला काय करायचे हे ठरवून देतो आणि ईएमटी त्या चौकटीत काम करतो. चौकटीबाहेर जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. ईएमटी निदान करत नाही. तो आजाराला नाव देण्याच्या फंदात न पडता श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या क्रमाने जे बिघडले असेल ते सावरतो आणि रुग्णाला योग्य रुग्णालयात पोचवतो.

माझ्या वर्गात भारतात डॉक्टरकी केलेले विद्यार्थी अधूनमधून असतात आणि सरावाच्या परीक्षेत सर्वांत आधी तेच अडखळतात. एकीला मी छातीत दुखणाऱ्या ५८ वर्षांच्या गृहस्थाचा प्रसंग दिला होता. तिने नाडी धरली, दोन नेमके प्रश्न विचारले आणि मनातल्या मनात चार शक्यता तपासून त्यांतल्या तीन बादही केल्या. पण दारात उभे राहून 'हातमोजे घातले आहेत, जागा सुरक्षित आहे' हे मोठ्याने म्हणायला ती विसरली, आणि गुणपत्रिकेवर त्या एकाच चुकीला नापास करण्याची तरतूद आहे. पुढे रुग्णाला त्याच्याच खिशातली नायट्रोग्लिसरिनची (हृदयाच्या दुखण्यावरची) गोळी देताना वरचा रक्तदाब १०० च्या खाली तर नाही ना आणि गेल्या एक-दोन दिवसांत त्याने व्हायग्रासारखे औषध घेतले आहे का, हे विचारणे तिला संकोचाचे वाटले. 'काकांना असे कसे विचारायचे?' असे ती नंतर म्हणाली. न विचारता दिलेली गोळी रक्तदाब इतका खाली नेऊ शकते, की काका उठून बसणार नाहीत. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र वर्गात तिच्याइतकी नीट तपासणी कोणाची होत नव्हती.

व्हिसाबद्दल : एच-४वर शिक्षण घेता येते, पण नोकरीसाठी काम करण्याचा परवाना लागतो. तो पती किंवा पत्नीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच मिळू शकतो. 'मग फुकट करते' हा मार्गही तितका सरळ नाही, कारण जे काम इतरांना पगार देऊन करून घेतले जाते ते विनामोबदला केले तरी 'काम' ठरू शकते. प्रवेश घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्यावे.

प्रश्न : ईएमटीच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेत दोनदा नापास झालो. पुस्तक तीनदा वाचून काढले आहे. दुसऱ्या खेपेला संगणक ७० प्रश्नांनंतरच थांबला. आता काय करू? (एक विद्यार्थी, सॅक्रामेंटो)

आधी पुस्तक मिटा. ही परीक्षा आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षेसारखी नाही. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की सोपा येतो, आणि आपली पातळी उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली याची खात्री पटली की संगणक थांबतो. त्यामुळे ७० प्रश्नांवर थांबणे हे उत्तम पास होण्याचेही लक्षण असते आणि स्पष्ट नापास होण्याचेही. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही.

पाठांतर करणारे कुठे चुकतात ते एका प्रसंगावरून पाहू. मोटारसायकलवरून पडलेला तरुण रस्त्याच्या मधोमध आहे, मांडीतून रक्ताची चिळकांडी उडते आहे, श्वास घोरल्यासारखा येतो आहे आणि दोन्ही बाजूंनी गाड्या चालूच आहेत. प्रथम काय कराल? रक्त थांबवण्याचा पर्याय समोर दिसताच हात तिकडे जातो, पण उत्तर आहे वाहतूक थांबवणे, कारण तुम्हीच गाडीखाली गेलात तर रुग्ण एकाचे दोन होतील. त्यानंतर रक्त, गरज पडल्यास टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा घट्ट पट्टा) बांधून, कारण इतका जीवघेणा रक्तस्राव श्वासमार्गाच्याही आधी थांबवावा लागतो. आणि मग मान न हलवता जबडा पुढे घेऊन श्वासमार्ग मोकळा करणे. चारही पर्याय योग्य असतात, विचारलेला असतो तो क्रम. म्हणून रोज २० प्रश्न सोडवा आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे 'हे नंतर का?' याचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहा. तिसऱ्यांदा अपयश आले तर उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, तेव्हा दोन प्रयत्नांमध्ये १५ दिवसांचे जे सक्तीचे अंतर आहे तेवढ्यावरच भागवू नका, महिनाभर थांबा.

प्रश्न : माझे वय ५२. संगणक क्षेत्रात नोकरी आहे. गावच्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात जावेसे वाटते. उशीर झाला का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

वयाला वरची मर्यादा नाही, पाठीला आहे. ईएमटीला एकट्याने सुमारे १२५ पौंड आणि जोडीदारासह २५० पौंड उचलता यावे अशी अपेक्षा असते. जिना अरुंद असतो आणि रुग्ण नेमका वरच्या मजल्यावर असतो. आजपासून मांड्यांचे व्यायाम सुरू करा. न्यू जर्सीत स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी राज्याचा निधी आहे, म्हणून फी भरण्याआधी पथकाचे सदस्य व्हा. शिवाय मुलांकडे आलेले मराठी आजी-आजोबा तुमच्या गावात पुष्कळ असतील. छातीवर हात ठेवून 'जीव घाबरा होतोय' म्हणणाऱ्या आजींना नेमके काय होते आहे, हे त्या गाडीत फक्त तुम्हालाच कळेल.

प्रश्न : यावर घर चालते का? (एक वाचक, फ्रेस्नो)

एकट्याच्या पगारावर अवघड आहे. देशभरातला मधला पगार वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास आहे. पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवरची ईएमटीच्या वरची पायरी), नर्सिंग किंवा अग्निशमन दल यांकडे जाणारी पायरी म्हणून पाहत असाल तर जरूर या.