दोन हलची (हल म्हणजे पाण्यात तरंगणारं जहाजाचं मुख्य धड) जहाजं इतकी स्थिर आणि वेगवान, मग मालवाहू जहाजं तशी का नसतात?

वजनामुळे. कॅटॅमरान, म्हणजे दोन हलची बोट, हलकी असेपर्यंतच फायद्याची. तिचे अरुंद हल पाणी कापत जातात, त्यामुळे लाटा उठवण्यात इंजिनाची ताकद कमी वाया जाते. स्थिरता येते दोन हलमधल्या अंतरामुळे. एका हलच्या जहाजाला त्यासाठी स्वतःच रुंद व्हावं लागतं, आणि तसं झालं की वेग मार खातो.

पण माल भरला की अरुंद हल पटकन खोल बसतात. शिवाय पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून संथ वेगात उलट जास्तच इंधन लागतं. कोळसा किंवा कंटेनर नेणाऱ्याला हे कसं परवडणार?

फेरीबोटींचं गणित वेगळं: ओझं हलकं, वेग महत्त्वाचा (गेटवे-मांडवा मार्गावर कॅटॅमरान उगाच नाहीत). ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात इनकॅट कंपनीने बांधलेल्या ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ या ॲल्युमिनियमच्या कॅटॅमरानने तर १९९० मध्ये साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून हेल्स ट्रॉफी, म्हणजे सर्वांत वेगाने अटलांटिक पार करणाऱ्या प्रवासी जहाजाचा करंडक, जिंकली. सरासरी वेग सुमारे ३६.६ नॉट (ताशी सुमारे ६८ किमी).

आणि ‘स्थिर’ म्हणजे कमी कलणारी, एवढंच. कलली तरी ती झटक्यात सरळ होते, तिरक्या लाटांत पिळवटल्यासारखी हलते, मोठ्या लाटा मधल्या डेकवर खालून आदळतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं.