दोन-दहा मोठी की दोन-चार?

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या जुन्या पितळी बांगड्या आणि एक पेचाच्या तोड्यांची जोडी मी ईबेवर लिलावाला लावते. गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकेतली. गेल्या महिन्यात ‘२.८’ लिहून विकलेली जोडी परत आली. लिहिलंय त्यापेक्षा लहान आहे, अशी तक्रार. जातायेताचा टपालखर्च माझ्या अंगावर पडला. म्हणून आता वर्णनात मापांचा तक्ता घालायला घेतला. स्पेस देऊन देऊन आकडे एकाखाली एक आणले, पण लिस्टिंग लागल्यावर पाहते तर सगळे एकमेकांना चिकटून एकच परिच्छेद! वहीत तक्ता काढून त्याचा फोटो टाकला तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : फोटोचं नंतर बघू. आधी त्या २.८ चं बघू, कारण तुमचं माप चुकलं नव्हतं आणि तुमच्या गिऱ्हाइकाचंही चुकलं नव्हतं.

माझं माहेर कासाराचं. वडील बाईचा हात हातात घ्यायचे, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबून बघायचे आणि ‘दोन-सहा’ म्हणत मागे हात घालायचे. टेप त्यांनी कधी लावली नाही. भरताना बांगडी वाढली तर ती त्यांच्या खात्यात, त्यामुळे अंदाज चुकून चालायचंच नाही. जुन्या बायका मात्र दोन-चार, दोन-आठ म्हणायच्या नाहीत. त्या ‘सव्वादोन’ आणि ‘अडीच’ मागायच्या. सगळी मेख तिथेच आहे. आपल्या बांगडीतला टिंबापुढचा आकडा म्हणजे इंचाचा सोळावा भाग, रुपयाचे सोळा आणे तसा. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. ते टिंब दशांशचिन्ह नव्हेच.

अमेरिकेतल्या बाईने ते दशांशचिन्ह म्हणूनच वाचलं. दोन पूर्णांक आठ दशांश इंच, म्हणजे ७१ मिलिमीटर. तुमची बांगडी आतून साडेत्रेसष्ट. घेरात हा फरक जवळजवळ २४ मिलिमीटरचा होतो, आणि एवढ्या फरकाने बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडते ती अडतेच. साबण लावूनही जात नाही.

दोन-दहाची गंमत तर आणखी वाईट. परदेशी गिऱ्हाइकाला ‘२.१०’ म्हणजे २.१ वाटतं, सगळ्यांत लहान. खरं तर नेहमीच्या मापांत ती मोठी. त्यात तुम्ही यादी एक्सेलमध्ये करत असाल तर तो शून्य गिळून टाकतो आणि २.१ च ठेवतो. हायफन घालून २-१० लिहाल तर त्याची तारीख करतो. मी एकदा अशीच यादी चढत्या क्रमाने लावली आणि वरची जोडी एका लहान मुलीसाठी पाठवून दिली. तिच्या आईने फोटो पाठवला : बांगड्या कोपराच्या वर, दंडात, वाकीसारख्या. तेव्हापासून तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करते, मगच आकडे भरते.

आता तक्ता. गिऱ्हाइकाला व्यासापेक्षा स्वतःचा हात मोजणं सोपं जातं. अंगठा करंगळीच्या बाजूला आत दुमडायचा, बांगडी घालताना करतो तसा, आणि बोटांच्या मुळांवरून, हात सगळ्यांत रुंद असतो तिथून टेप फिरवायची. मनगट मोजायचं नाही. हे वाक्य तक्त्याच्या वर लिहाच. आपली मापं सेंटिमीटरच्या घेरात कशी सरळ बसतात बघा :

हाताचा घेर १७ सेंमी – माप २.२ – आतला व्यास ५४ मिमी
१८ सेंमी – २.४ – ५७ मिमी
१९ सेंमी – २.६ – ६०.३ मिमी
२० सेंमी – २.८ – ६३.५ मिमी
२१ सेंमी – २.१० – ६६.७ मिमी

एक माप वाढलं की घेर एक सेंटिमीटरने वाढतो. इतकं सोयीचं असून कुणी सांगत का नाही, देव जाणे. आपलं माप मधल्या रकान्यात ठेवलंय ते मुद्दाम. ज्याला कळतं त्याला कळेल, बाकीचे दोन्हीकडचे आकडे वाचतील.

पण तुमचा लिलाव एकेका जोडीचा आहे. पाच ओळींचा तक्ता दिलात तर निम्म्या लोकांना वाटतं, बोली जिंकल्यावर यातलं हवं ते माप मागता येईल. तेव्हा सगळ्यांत वर, तक्त्याच्याही आधी, ठळक अक्षरांत एकच ओळ : ‘ही जोडी : आतला व्यास ६३.५ मिमी, २० सेंमी घेराच्या हातासाठी. दुसरं माप उपलब्ध नाही.’ मोबाइलवर पूर्ण वर्णन उघडायला वेगळं बोट लावावं लागतं आणि बहुतेकजण लावत नाहीत. म्हणून हाच व्यास वस्तूच्या तपशिलाच्या ठरावीक चौकटींतही भरा. आणि व्यास मोजाल तो आतून, दोन ठिकाणी. सासूबाईंच्या बांगड्या वापरून वापरून थोड्या लांबट झालेल्या असणार. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहा.

स्पेसचं कारण साधं आहे. वर्णन एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, असतं आणि एचटीएमएल ओळीने दिलेल्या दहा स्पेसची एकच करतं. तुम्ही कितीही दामटलंत तरी आकडे एकाखाली एक राहायचे नाहीत. त्याला ‘टेबल’चा टॅग, म्हणजे कोनी कंसात लिहिलेली खूण, लागतो, त्याच्या आत प्रत्येक आडव्या ओळीला ‘टीआर’ आणि प्रत्येक खान्याला ‘टीडी’. उघडलेला प्रत्येक टॅग बंद करायचा, संपलं. वर्णनाच्या चौकटीत एचटीएमएल दाखवण्याची खूण करून तिथे हे लिहा. वर्डमधून तक्ता उचलून चिकटवू नका, त्याच्याबरोबर इतका कचरा येतो की पुढे एक आकडा बदलायचा तरी सापडत नाही. रुंदी पिक्सेलमध्ये न देता शंभर टक्के द्या. आठशे पिक्सेलचा तक्ता फोनवर उजवीकडे पळतो, आणि मिलिमीटरचा रकाना नेमका पडद्याबाहेर जातो.

वहीतल्या तक्त्याचा फोटो नको. शोधात तो सापडत नाही, भाषांतर होत नाही, आणि फोनवर तुमचं सहा आणि आठ सारखंच दिसेल. फोटो टाकायचाच तर बांगडीत कॅलिपरची, म्हणजे व्यास मोजायच्या चिमट्याची, टोकं आतून टेकवलेली आणि आकडा दिसतोय, असा टाका. त्या एका फोटोने माझी निम्मी पत्रं कमी झाली.

आणखी एक, लिलाव आहे म्हणून. एकदा बोली लागली की लिहिलेलं वर्णन बदलता येत नाही, खाली भर तेवढी घालता येते. म्हणजे वर २.८ आणि खाली ‘क्षमस्व, हे दशांश नव्हेत’. माप आधी, लिस्टिंग नंतर.

तोड्यांचं वेगळं. पेच उघडतो म्हणजे ते अंगठ्यावरून जायचेच नाहीत. तिथे मनगटाचा घेर द्या, बांगड्यांचा तक्ता खालून काढून टाका. आणि बांगड्या किती जुन्या आहेत हे शोभेसाठी फुगवू नका. शंभर वर्षांहून जुनी असली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि तशी वस्तू तुम्हाआम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘सासूबाईंच्या लग्नातल्या’ एवढं खरं असेल तर तेवढंच लिहा.

प्रश्न : शिवलेले ब्लाउज विकते. ३६ साइज लिहिलं तरी लोक विचारतातच, नक्की किती? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : विचारणारच. ३६ अंगाचं की कपड्याचं, हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि तुमच्या ब्रिटनमधली दहा नंबर अमेरिकेत सहा होते. ब्लाउज टेबलावर पसरा, हुक लावा, बगलेपासून बगलेपर्यंत मोजा, येईल तो आकडा इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत द्या आणि ‘सपाट पसरून’ असं लिहा. दुप्पट त्यांना करू दे. दंडाचा घेर विसरू नका, ब्लाउज छातीपेक्षा तिथेच जास्त अडतो. आत माया किती ठेवली आहे तेही लिहा, कारण उसवून वाढवता येणारा ब्लाउज लवकर जातो. फक्त ते वाक्य यंत्राकडून इंग्रजीत करून घेऊ नका. माझ्या एका ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच प्रेम निघालं होतं.