मालिकेच्या सेटवर पहिल्यांदा दिग्दर्शनाला उभा राहणार आहेस, म्हणून

कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत तू एकांकिका बसवल्या आहेस, तो हात इथे उपयोगी पडेलच. पण मालिकेत तालमीला महिनाभर मिळत नाही. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटं उरतात, ती भरायला रोज भराभर सीन उरकावे लागतात. म्हणून शॉट आदल्या रात्रीच ठरव. आधी मास्टर, म्हणजे अख्खा सीन दिसेल असा रुंद शॉट, मग क्लोजअप. 180 अंशांची रेषा सांभाळ: दोन नटांना जोडणारी काल्पनिक रेषा धर आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेव.

सीन कथेच्या क्रमाने नाही, लोकेशनप्रमाणे शूट होतात. नट गोंधळतो. प्रत्येक टेकआधी त्याला आठवण दे: मागच्या प्रसंगात तू भांडून निघालास, तो राग अजून अंगात आहे. हे काम सहायकावर ढकलू नकोस, माझ्या मते दिग्दर्शन खरं इथेच असतं. कंटिन्युइटीचे फोटो, म्हणजे कपडे, केस, वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच राहाव्यात म्हणून काढतात ते, मात्र सहायकालाच काढू दे. संवाद बदलायचा झाला तर आधी लेखकाला फोन कर.