विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात मराठी साहित्य शिकवण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एम.ए. मराठी झालं, प्राध्यापकीची नेट परीक्षाही निघाली, आता अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्ज करायचा विचार आहे. पण तिकडची मुलं वाचतात का, की नुसता अभ्यासक्रम संपवायचा, अशी शंका येते. मी मोर्शीच्या बाजूला एकोणीस वर्षं मराठी शिकवते आहे, म्हणून सांगते.

आधी वाचनाचं. माझ्या बी.ए.च्या वर्गातली बहुतेक मुलं कथा-कादंबऱ्या आपणहून वाचत नाहीत. आमच्या ग्रंथालयातून सगळ्यांत जास्त बाहेर जातात ती पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं. यासाठी त्यांना बोल लावू नका. तीन एकर कोरडवाहू वावरावर चालणाऱ्या घरात एक पगार येणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग निम्म्यावर येतो. सुरुवातीला मी हजेरीवरून फार रागवायचे. मग एकदा निबंध लिहिणाऱ्या एका मुलीच्या हाताकडे लक्ष गेलं. वाळलेल्या बोंडाची टोकं लागून नखांच्या कडा चिरल्या होत्या, चिरांत हळद बसली होती, आणि ती अंगठा न टेकवता पेन धरून लिहीत होती. त्यानंतर मी वेचणीच्या दिवसांत हजेरीवरून कुणाला बोलले नाही.

पण न वाचण्याचं एक कारण कामापेक्षाही खोल आहे आणि ते लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आपल्या तोंडातली भाषा चुकीची आहे, असं ही मुलं पक्कं धरून येतात. वर्गात उभं केलं की गप्प. बाहेर लिंबाखाली तासभर रंगवून गोष्ट सांगणारा पोरगा आत आला की, ‘मॅडम, आमची भाषा शुद्ध नाही’ म्हणून खाली बसतो. आणि हे त्याला आम्हीच शिकवलंय. मी स्वतः कित्येक वर्षं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ (मला, तुला, का) यांच्याखाली लाल रेघा ओढल्या. पुस्तकात आपल्यासारखं बोलणारं कुणी नसतंच, असं ज्याला वाटतं तो पुस्तक उघडेल कशाला?

हे बदललं ते महानुभाव पंथाचं जुन्या मराठीतलं गद्य शिकवताना. ‘स्मृतिस्थळ’ म्हणजे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्या आठवणी; त्यातला प्रसंग तुम्हाला माहीतच आहे: त्यांचा शिष्य केशिराज संस्कृतात लिहू बघतो आणि नागदेवाचार्य त्याला अडवतात, का तर त्यामुळे संस्कृत न येणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. मी वाचलं, ‘नको गा केशवद्या’. मागच्या बाकावरून एकदम हशा. मला वाटलं, टिंगल चालली आहे. विचारलं तर एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, हा ‘गा’ त आमचाच हाय जी!’

खरंच होतं. ‘गा’ म्हणजे ‘रे’सारखा हाकेचा शब्द. ‘काय गा’, ‘चाल गा’, ‘बस न गा’, आमच्याकडे दिवसभर हेच चालतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला तिथे तळटीप लागते, माझ्या विद्यार्थ्याला लागत नाही. शिवाय तो मुलगा बोलता बोलता शेवटी ‘जी’ म्हणाला होता. लीळाचरित्रातही, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथातही, गोसाव्यांशी (चक्रधरांशी) बोलताना माणसं ‘जी’ लावतात. मी ते पान काढून दाखवलं. तो तास पुढे दीड तास चालला. मुलांनी शब्द सांगायचे, मी फळ्यावर लिहायचे.

नंतर त्यांना रिद्धपूरला नेलं. ते आमच्याच मोर्शी तालुक्यात, बहुतेक मुलांनी एसटीच्या खिडकीतून हजारदा पाहिलेलं गाव. चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा केल्या, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्या तोंडून, आणि तेराव्या शतकात इथल्या वाजेश्वरीच्या देवळात बसून लिहिल्या. तेच लीळाचरित्र; हा मराठीतला पहिला चरित्रग्रंथ मानतात. त्या लिखाणात साध्या बाया बोलतात, त्यांची नावं येतात, एकाच प्रसंगाची कुणाची आठवण वेगळी असली तर तीही वेगळी नोंदलेली सापडते. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले, त्यामुळे ही भाषा शेकडो वर्षं बाहेरच्यांना वाचताच आली नाही. लीळाचरित्राची मोठी संशोधित आवृत्ती १९७८ साली काढणारे वि. भि. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. ‘म्हणजे आपल्याच भागातले?’ असं मुलं दोनदा विचारतात. दोनदा सांगावं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या पोराच्या तोंडचा ‘जी’ ऐकताना झाला त्याची सर त्याला नाही.

आता दरवर्षी मी एक काम देते: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि दहा शब्द लिहून आणायचे, कुठे वापरतात त्यासकट. पऱ्हाटी (कपाशीचं झाड), धुरा (बांध), कुटार (भुसा), उलंगवाडी (हंगाम संपणं) असे शब्द येतात. त्या हळद लावलेल्या मुलीने ‘ओटी’ आणला. मला ओटी म्हणजे खणानारळाची, लग्नकार्यातली. तिच्या आजीला ओटी म्हणजे कापूस वेचताना कमरेला बांधायचं फडकं. तिने लिहिलं होतं, ‘माय म्हनते कॉलेजात जाय, पन सकायी दोन ओट्या येचून जाय.’ मी ते एका अक्षराचाही बदल न करता कॉलेजच्या वार्षिकांकात छापलं. त्याच मुलीने पुढे उद्धव शेळक्यांची ‘धग’ कादंबरी नेली आणि परत करताना म्हणाली की त्यातली कौतिक आमच्या मोठ्या आईसारखी बोलते. तिने स्वतःहून वाचलेलं ते पहिलं पुस्तक.

प्रमाण मराठी शिकवायचीच. स्पर्धा परीक्षेत तीच लागते आणि ती न शिकवणं म्हणजे या मुलांचा घात आहे. फक्त घरची भाषा पुसून तिच्या जागी ती लिहायची नाही. आमच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे आणि बाबा कीर्तनात वऱ्हाडीतूनच लोकांना प्रश्न विचारत, उत्तरं काढून घेत. शिकवण्याची याहून चांगली रीत मला तरी सापडलेली नाही.

नोकरीचं थोडक्यात: कायम जागा कमी, तासिका तत्त्वावर बरीच वर्षं जाऊ शकतात, मानधन वेळेवर येईलच असं नाही. घरी बोलून ठरवा. कागदपत्रांचं कामही वाढतच चाललंय, आणि उन्हाळा मार्चपासूनच जाणवतो.

तरी अर्ज कराच, असं मी म्हणेन. ‘गा’ कुणाला म्हणायचं, ‘जी’ कुणाला आणि बाईमाणसाला ‘वं’ म्हटलेलं कधी चालतं, हे पुस्तकात नीट सापडणार नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारा, ती सांगेल.