ग्राहकाने मागितलेलं फीचर कोअरमध्ये (सगळ्या ग्राहकांच्या सामाईक मूळ कोडमध्ये) घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे कसं ठरवता?

हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय की तुमचे सीनियर म्हणतात, ‘दोन ओळींचं काम आहे, कोअरमध्ये टाकून द्या.’ हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. याच वाक्यावरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालंय.

तेव्हा मी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. चाळीसेक संस्था, सगळ्यांना एकच कोड. एका संस्थेची मागणी आली: पिग्मी खातं (एजंटकडे रोज थोडे पैसे भरायचं खातं) मुदतीआधी बंद केलं तर एजंटला दिलेलं 3 टक्के कमिशन खातेदाराकडून कापा. मी म्हटलं, वेगळं मॉड्यूल करू, खातं बंद करायच्या मूळ प्रोसिजरला हात नको. आठवडा लागेल. टीमचे लीड म्हणाले, “आठवडा कशाला? सेटिंग ठेव, एक इफ टाक.” म्हणजे सेटिंग चालू असेल तरच कमिशन कापायची अट, मूळ कोडमध्येच. टाकला. सेटिंगच्या नव्या कॉलमची डीफॉल्ट व्हॅल्यू 1, म्हणजे ‘चालू’, राहिली आणि पुढच्या अपडेटला सगळ्याच संस्थांत कमिशन कापायला सुरुवात झाली.

मी दुसऱ्याच एका संस्थेच्या शाखेत पासबुक प्रिंटर बघायला गेलो होतो, तेव्हा भाजी विकणाऱ्या एक मावशी काउंटरवर आल्या. रोजचे 50 रुपये, 300 दिवस, म्हणजे 15,000. मुलीच्या फीसाठी खातं बंद केलं. मुदतीआधी व्याज मिळत नाही हे त्यांना माहीत होतं, पण हातात आले 14,550. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, त्यात मुलीने वहीच्या कागदावर केलेली बेरीज. बेरीज बरोबर होती. क्लार्क एकच सांगत राहिला, “मावशी, कॉम्प्युटरच तसं दाखवतोय.” ते 450 रुपये परत मिळायला त्यांना 11 दिवस लागले.

म्हणून ‘किती जणांनी मागितलं’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ज्यांनी मागितलं नाही त्यांचं काय होईल, ते आधी विचारा. मग विचारा, बाहेर राहून हे जमतं का? जमत असेल तर बाहेरच ठेवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) तयार करायचं फंक्शन कित्येक वर्षं पीजीक्रिप्टो या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे वेगळ्या जोडायच्या भागात होतं. लोकांनी भरपूर वापरलं आणि 2020 साली 13व्या आवृत्तीत ते कोअरमध्ये आलं. त्याच डेटाबेसचं नकाशे-भूगोलाच्या डेटासाठीचं पोस्टजीआयएस हे एक्स्टेन्शन एवढं मोठं, तरी आजही बाहेरच आहे आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. आत घेतलेलं बाहेर काढणं मात्र महाकठीण. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने स्टँडर्ड लायब्ररीतली (भाषेसोबतच येणारी) जुनी मॉड्यूल्स काढायचा प्रस्ताव 2019 मध्ये मांडला. त्यातली 19 मॉड्यूल्स निघाली ती 2024 मध्ये, 3.13 आवृत्तीत.

एक सांगायचं राहिलं. सुरक्षा, ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद), व्यवहार अर्धवट न राहणं, हे कोअरमध्येच हवं. तिथे प्लगइनचा, म्हणजे बाहेरून जोडायच्या भागाचा, हट्ट धरू नका. आणि तुमची टीम दोघांची नि ग्राहक तीनच असतील, तर प्लगइनचा सांगाडा उभारण्यात वर्ष घालवू नका.

पण कोअरच्या कोडमध्ये एखाद्या ग्राहकाचं नाव किंवा कोड नंबर लिहायची वेळ आली, तर सीनियरना स्पष्ट नाही म्हणा, आणि ईमेलवर म्हणा. मी तोंडी म्हटलं होतं. नंतरच्या मीटिंगमध्ये लीड म्हणाले, “तेव्हा कुणीच हरकत घेतली नव्हती,” आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.