आफ्रिकेतला भ्रष्टाचार त्यांच्या परंपरेतूनच आला आहे का?

नाही. हाच प्रश्न माझे मोठे दीर दर दिवाळीला काढतात, 'त्यांच्या रक्तातच आहे ते' म्हणून विषय संपवतात, आणि मी गप्प बसते. आज लिहिते.

नऊ वर्षं मी केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, हिशेबाच्या कामात होते. तिथे 'हारांबे' म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं. 1963 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिथले नेते जोमो केन्याटांनी तेच देशाचं घोषवाक्य केलं. लोकांनी वर्गणी आणि श्रमदानातून गावोगावी शाळा उभ्या केल्या.

आमच्या वॉचमनच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फीसाठी मचाकोसकडच्या त्याच्या गावी हारांबे, म्हणजे वर्गणी गोळा करायचा कार्यक्रम, होता. रोकड नसेल तर कोंबडी किंवा केळ्यांचा घड आणायचा, त्याचा लिलाव होतो. एका आजींनी कोंबडी आणली होती. घेणारा ती पुन्हा लिलावाला ठेवायचा, अशी तीनदा विकली गेली. आजींचा चेहरा नुसता फुलला होता. तेवढ्यात तिथले खासदार आले, दोन तास उशिरा. लिलाव थांबला. लिफाफ्यातली रक्कम माइकवरून दोनदा वाचली: एक लाख शिलिंग. मग भाषण. कोंबडी पाय बांधलेली, खुर्चीखाली. आजींचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. परतताना बसमध्ये वॉचमन म्हणाला, "मॅडम, फी झाली, पण माझं मत गेलं."

पगारातून असे लिफाफे दर शनिवारी निघत नाहीत. 1990च्या दशकात गोल्डनबर्ग प्रकरणात जे सोनं देशात जवळजवळ निघतच नव्हतं, त्याच्या निर्यातीवर सरकारी तिजोरीतून 35 टक्के भरपाई उचलली गेली. अँग्लो लीझिंगचे, म्हणजे बनावट कंपन्यांना दिलेल्या सरकारी कंत्राटांचे, व्यवहार खणून काढणाऱ्या जॉन गिथोंगो या सरकारी अधिकाऱ्याला 2005 मध्ये देश सोडावा लागला. चोरी वर झाली, आणि तो पैसा धुवायला गावाची चांगली रीत वापरली. केनियन पोरांना हे कळलंय. 2024च्या जूनमध्ये ती करवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरली, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष रुटोंना सरकारी पदावरच्यांना हारांबेत देणग्या द्यायला बंदी जाहीर करावी लागली.

छोटी लाच सामान्य माणूसही देतो, हे खरं. पोलिसाला द्यायच्या पैशाला तिथे 'चाय' म्हणतात. पण दादा, सातबाऱ्यावर नाव लावताना तुम्ही दिलंत त्याला आपण 'चहापाणी' म्हणतो. तेव्हा रक्ताचा विषय निघाला नव्हता.

आणि हे सगळं केनियाचं. आफ्रिकेत 54 देश आहेत, बाकीच्यांबद्दल तिथे राहिलेल्यांनी लिहावं.